डिस्क बसली म्हणजे जुळली का? घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठी हार्ड डिस्क निवडताना

(हा एपिसोडचा लिखित भाग. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, आकडे मात्र लिहिताना पुन्हा तपासून घातलेत. ऐकत ऐकत वाचायचं असेल तर कंसातल्या वेळेवर उडी मारा.)

[००:००] सुरुवात

मागच्या वेळी आपण जुन्या पीसीचा स्टोरेज सर्व्हर कसा करायचा ते बघितलं. त्यानंतर जे मेसेज आले, त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न एकच होता: हार्ड डिस्क कोणती घेऊ? उदगीरच्या एका पोरानं तर व्हॉइस नोटच पाठवली. "दादा, दुकानात जी मिळाली ती लावली. बसली. दिसायली. फायलीपण जायल्यात. मग अजून काय बघायचं असतंय?"

प्रश्न एकदम रास्त आहे. उत्तर असं, की डिस्क बसणं, डिस्क दिसणं आणि डिस्क जुळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन त्याच दिवशी कळतात. तिसरी कळते ती एखादी डिस्क मेल्यावर, आणि तेव्हा हातात वेळ नसतो. आज आपण या तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलू.

नवीन आलेल्यांसाठी दोन वाक्यं. घरचा स्टोरेज सर्व्हर, म्हणजे एनएएस, म्हणजे काय? एक छोटा डबा किंवा जुना पीसी, त्यात दोन-चार हार्ड डिस्क, आणि तो वायफायच्या राउटरला जोडलेला. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही त्याच्यावर फायली ठेवतात आणि तिथूनच बघतात.

आपल्याकडं हे लागतं कुणाला? लातूरच्या क्लासवाल्यांना, ज्यांच्याकडं लेक्चरची रेकॉर्डिंगं साठत जातात. लग्नाची शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना. आणि तुमच्या-माझ्या घरात, जिथं आईचा फोन 'स्टोरेज फुल' म्हणून रोज ओरडतो. हिशेब सांगतो. १०० मेगाबिटला ४के व्हिडिओ रेकॉर्ड केला तर एका तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, हळद आणि लग्न असं धरलं की एका लग्नाचे ५०० जीबी कुठंच गेले नाहीत.

[०२:१५] चार डिस्क आणि एक बेरीज

माझा मावसभाऊ लातूरला स्टुडिओ चालवतो. त्याच्याकडं चार बेचा एनएएस आहे. बे म्हणजे डिस्क सरकवायचा खण. चार खणांत ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ मध्ये. इथं एक गंमत सांगून ठेवतो, कारण पुढं गोंधळ होईल. 'रेड' नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत, आणि दुसरी म्हणजे वेस्टर्न डिजिटल कंपनीची लाल लेबलाची डिस्क. मी दुसरीला कायम 'डब्ल्यूडी रेड' म्हणेन.

रेड ५ चं तत्त्व सोपं आहे. समजा तीन डिस्कवर ७, ५ आणि ८ हे आकडे आहेत. चौथीवर आपण त्यांची बेरीज लिहिली, २०. आता ५ वाली डिस्क मेली, तर? वीसातून सात आणि आठ वजा करा, पाच परत मिळाला. खऱ्या डिस्कवर बेरीज नसते, एक्सऑर नावाची क्रिया असते, आणि ती 'बेरीज' एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कवर वाटून ठेवतात. पण कल्पना हीच. म्हणून चार डिस्क घेतल्या तरी वापरायला तीनच डिस्कची जागा मिळते, म्हणजे १२ टीबी. एक डिस्क मेली तरी चालतं. दोन मेल्या की सगळंच गेलं.

तर गेल्या लग्नसराईत, ऐन मे महिन्यात, त्याची एक डिस्क गेली. त्यानं बाजारातून ४ टीबीची नवी डिस्क आणली, खणात सरकवली, एनएएसनं ओळखली, आणि रिबिल्ड सुरू झालं. रिबिल्ड म्हणजे उरलेल्या तीन डिस्क पूर्ण वाचून, ती वजाबाकी करत करत, नवीन डिस्क भरून काढणं.

पहिला तासभर झकास चाललं. मग वेग पडत गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "अरे, हे टक्के पुढं सरकनाच झालेत." स्क्रीनवर बाकी वेळ दाखवत होतं सहा दिवस.

आता इथं काय पणाला लागलं होतं ते बघा. रिबिल्ड चालू असताना उरलेल्या तीन डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्या तिन्ही एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच वयाच्या. त्यातली एक जरी त्या सहा दिवसांत गेली असती, तर अकरा लग्नांचं अजून न दिलेलं फुटेज गेलं असतं. लग्न काही पुन्हा लागत नाही. ग्राहकाला पैसे परत देता येतात, आजीचा नातवाबरोबरचा शेवटचा फोटो परत देता येत नाही.

मी त्याला म्हणालो, आधी रिबिल्ड थांबव. एक डिस्क नसली तरी रेड ५ वाचता येतो. न दिलेली अकरा लग्नं आधी दोन बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर. ते झाल्यावर योग्य जातीची डिस्क आण आणि मग रिबिल्ड लाव. तसं केलं. दुसऱ्या डिस्कवर तेच काम अकरा-बारा तासांत संपलं.

दोन्ही डिस्क ४ टीबीच्या. दोन्ही साटा. दोन्ही साडेतीन इंची. मग फरक कुठं होता?

[०५:४०] वहीच्या ओळी आणि छपरावरची कौलं

हार्ड डिस्कच्या आत गोल तबकड्या असतात आणि त्यांच्यावर एकात एक अशा गोल रेघा असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. डेटा या ट्रॅकवर लिहिला जातो. ट्रॅक मांडायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली सीएमआर. ही म्हणजे आखलेली वही. प्रत्येक ओळ वेगळी, मध्ये थोडी जागा. पाचवी ओळ खोडून पुन्हा लिहायची तर फक्त पाचवीच खोडायची. चौथीला आणि सहावीला धक्का नाही.

दुसरी एसएमआर. ही म्हणजे कौलारू छप्पर. जुन्या शाळांवर मंगळुरी कौलं बघितली असतील. प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडं चढलेलं असतं. डिस्कवरही तसंच, एका ट्रॅकच्या कडेवर पुढचा ट्रॅक चढवलेला. त्यामुळं तेवढ्याच तबकडीत जास्त ट्रॅक मावतात, तबकड्या कमी लागतात, कंपनीला डिस्क स्वस्तात पडते. पण मधलं एक कौल बदलायचं असलं तर? वरची कौलं उतरवा, ते बदला, आणि सगळी परत चढवा. एसएमआर डिस्कलाही मधला छोटासा डेटा बदलायचा तर आजूबाजूचा मोठा पट्टा वाचून, बदलून, पुन्हा लिहावा लागतो.

मग पहिला तास झकास का गेला? कारण अशा डिस्कमध्ये थोडीशी जागा सीएमआर पद्धतीची ठेवलेली असते, अंगणासारखी. आलेला डेटा आधी अंगणात उतरतो, आणि डिस्कला मोकळा वेळ मिळाला की ती तो निवांत आत लावते. घरगुती पीसीला दिवसभरात मोकळा वेळ भरपूर, म्हणून तिथं ही डिस्क छान चालते. रिबिल्डमध्ये मात्र डेटा तासन् तास येतच राहतो. अंगण भरतं, आणि मग कौलं उतरवणं-चढवणं सुरू होतं.

एसएमआर डिस्क वाईट असते असं माझं म्हणणं नाही. वर्षातून चारदा बॅकअप घेऊन कपाटात ठेवायची असेल तर ती उत्तम आणि स्वस्त. रेडमध्ये, आणि विशेषतः झेडएफएस या फाइल सिस्टिमवर, तिला टाळा.

[०८:००] २०२० मध्ये काय झालं होतं

तुम्हाला वाटेल, 'एनएएससाठी' असं लिहिलेली डिस्क घेतली की प्रश्न मिटला. साधारणपणे हो. पण २०२० ची गोष्ट माहीत असू द्या.

डब्ल्यूडी रेड ही खास एनएएससाठी म्हणून विकली जाणारी मालिका. २०२० च्या एप्रिलमध्ये 'ब्लॉक्स अँड फाइल्स' या साइटनं बातमी दिली की या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या नव्या डिस्क एसएमआर आहेत, आणि ग्राहकाला कुठंही तसं सांगितलेलं नाही. लोकांचे अनुभव आधीच येत होते. जुन्या रेडमध्ये नवी डिस्क घातली की एनएएस ती बाहेर फेकून देत होता. मग 'सर्व्ह द होम' या साइटनं मोजून बघितलं. झेडएफएसवर सीएमआर डिस्कना जे काम करायला सोळा-सतरा तास लागले, त्याला ४ टीबीच्या एसएमआर डब्ल्यूडी रेडला नऊ दिवसांहून जास्त लागले.

बोभाटा झाल्यावर कंपनीनं कोणती डिस्क कोणत्या पद्धतीची याची यादी जाहीर केली. त्याच वर्षी जूनमध्ये सीएमआर डिस्कना 'डब्ल्यूडी रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. अमेरिकेत ग्राहकांनी दावाही लावला आणि तो तडजोडीनं मिटला. त्याच सुमारास सीगेट आणि तोशिबा यांनीही आपल्या काही डेस्कटॉप डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं. सीगेटची एनएएससाठीची 'आयर्नवुल्फ' मालिका मात्र सीएमआर आहे असं कंपनी तेव्हापासून स्पष्ट सांगते.

यातून आपल्या कामाची गोष्ट एकच: डब्यावरचं नाव पुरेसं नाही, पूर्ण मॉडेल नंबर बघायचा. उदाहरण देतो. जुनी ४ टीबीची डब्ल्यूडी रेड, जिच्या नंबरात ईएफआरएक्स आहे, ती सीएमआर. त्याच आकाराची ईएफएएक्स ती एसएमआर. एका अक्षराचा फरक! आणि तेच ईएफएएक्स ८ टीबीवर असेल तर ती पुन्हा सीएमआर. म्हणजे अक्षरं पाठ करूनही भागत नाही. सीगेटच्या ४ आणि ८ टीबीच्या साध्या 'बाराकुडा' डिस्क एसएमआर आहेत, आणि आपल्याकडच्या दुकानात सगळ्यात आधी हातात येतात त्या अशाच डेस्कटॉप डिस्क.

मग करायचं काय? दुकानात डिस्कच्या लेबलाचा फोनवर फोटो काढा. पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीची स्पेक शीट उघडा. त्यात 'रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी' अशी ओळ असते. तिथं सीएमआर लिहिलेलं दिसलं तर पैसे द्या. ती ओळच नसली तर त्या मॉडेलच्या नादी लागू नका.

[१०:३०] हट्टी डिस्क आणि घाईचा सर्व्हर

आता न जुळण्याचं दुसरं कारण. हे वेगाचं नाही, स्वभावाचं आहे.

प्रत्येक डिस्कवर कधी ना कधी एखादा बारीकसा तुकडा वाचता येत नाही. त्याला खराब सेक्टर म्हणतात. अशा वेळी साधी डेस्कटॉप डिस्क काय करते? पुन्हा प्रयत्न करते. पुन्हा. पुन्हा. कधीकधी मिनिट-दोन मिनिटं. तिचं बरोबरच आहे, कारण पीसीमध्ये ती एकटी असते. तिनं हात टेकले तर ती फाइल गेलीच.

रेडमध्ये मात्र तोच डेटा बाकीच्या डिस्कवरून वजाबाकी करून काढता येतो. तिथं डिस्कनं लवकर सांगावं, "मला जमत नाही, तुम्ही बघा." एनएएसच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत तसं सांगतात. वेस्टर्न डिजिटल याला टीएलईआर म्हणतं, बाकीचे ईआरसी म्हणतात. लिनक्स सर्व्हर डिस्कच्या उत्तराची सहसा ३० सेकंद वाट बघतो. तोपर्यंत उत्तर आलं नाही की डिस्कचं कनेक्शन रीसेट करतो, आणि त्या गडबडीत एका सेक्टरपायी धडधाकट डिस्क रेडच्या बाहेर जाऊ शकते.

काही डेस्कटॉप डिस्कवर ही मर्यादा 'स्मार्टसीटीएल' या मोफत टूलनं ७ सेकंदांवर आणता येते. पण बऱ्याच डिस्क वीज गेली की ते विसरतात. म्हणून ती सेटिंग प्रत्येक वेळी सर्व्हर सुरू होताना आपोआप लागेल अशी ठेवावी लागते. आपल्याकडं दिवसातून किती वेळा लाइट जाते ते मी सांगायला नको.

सीसीटीव्हीसाठीच्या डिस्कबद्दलही विचारणा झाली होती, कारण नांदेड-लातूरच्या दुकानांत त्या सहज मिळतात. त्या चोवीस तास सलग लिहायला बनवलेल्या असतात. सीएमआर असेल तर एनएएसमध्ये चालते. पण पर्याय असेल तर एनएएसचीच घ्या.

[१२:२०] जी डिस्क सुरूच होत नाही

काही वेळा गाडी पहिल्याच पायरीवर अडते. तीन नेहमीचे प्रकार सांगतो.

एक, बाहेरच्या यूएसबी डिस्कचा डबा फोडून आतली डिस्क एनएएसमध्ये लावणं. स्वस्त पडतं म्हणून पुष्कळ जण करतात. साडेतीन इंचीत आत साटा डिस्क निघते खरी, पण काही डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाहीत. कारण असं की नव्या साटा नियमात पॉवरच्या तिसऱ्या पिनचा अर्थ बदलला. आधी तिथून ३.३ व्होल्ट यायचे. आता तिथं व्होल्टेज आलं की डिस्क समजते, 'मला बंद राहायला सांगितलंय.' डिस्क मेलेली नसते, आज्ञाधारक असते. योग्य पॉवर सप्लाय लावला की सुरू होते. आणि अडीच इंची पोर्टेबल डिस्क तर फोडूच नका. त्यातल्या कित्येकांत यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतं, साटाचं कनेक्शन नसतंच. त्यात वॉरंटीही गेली.

दोन, २ टीबीचा अडथळा. जुना पीसी, जुना यूएसबी डॉक, जुनी एमबीआर पद्धतीची पार्टिशन. यातलं काहीही असेल तर ४ टीबीची डिस्क अर्धीच दिसते. हिशेब सरळ आहे: ३२ बिटांत जेवढे सेक्टर मोजता येतात, गुणिले ५१२ बाइट, म्हणजे सुमारे २.२ टीबी. त्याच्या पुढं मोजायला आकडाच नाही. जीपीटी पद्धतीनं पार्टिशन करा, आणि डॉक जुना असेल तर बदला. आणि हो, ४ टीबीची डिस्क ३.६३ दिसली तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. डिस्क पूर्ण आहे.

तीन, एनएएस कंपनीची स्वतःची यादी. तयार एनएएस घेणार असाल तर त्या मॉडेलला कोणत्या डिस्क चालतात ते आधी बघा. सिनॉलॉजीनं २०२५ मध्ये आपल्या नव्या 'प्लस' मॉडेलवर स्वतःच्या किंवा मान्यता दिलेल्याच डिस्क चालतील असं धोरण आणलं. वापरणारे भडकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ या अपडेटमधून दुसऱ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्कना पुन्हा वाट मोकळी केली. उद्या दुसरी एखादी कंपनी असंच करू शकते, म्हणून यादी बघायची सवय बरी.

[१४:३०] वेग कुठं अडतो?

"दादा, ७२०० आरपीएमची घेऊ का ५४०० ची?" हा प्रश्न कायमचा. आधी सांगा, तुमचा राउटर कोणता?

आजची साडेतीन इंची डिस्क सलग मोठी फाइल सेकंदाला १५० ते २५० एमबीनं वाचते. गिगाबिट केबलमधून जास्तीत जास्त जातात साधारण ११० एमबी. म्हणजे एक हळू डिस्कसुद्धा केबल भरून टाकते. आणि राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतील, आपल्याकडं इंटरनेटवाला फुकट देतो त्यातले बरेच तसे असतात, तर जातात ११ एमबी. त्या ५०० जीबीच्या लग्नाला गिगाबिटवर सव्वा तास लागतो, १०० मेगाबिटवर साडेबारा तास. महागडी डिस्क घेण्याआधी पाचशे-हजार रुपयांचा गिगाबिट स्विच घ्या.

मात्र हजारो छोट्या फायली, म्हणजे फोटोंचे थंबनेल वगैरे, तिथं डिस्कच अडते. ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. त्यात हेड इकडून तिकडं जायचा वेळ धरला की सेकंदाला ७०-८० वेगवेगळ्या जागा गाठणं एवढीच डिस्कची ताकद. तिथं आरपीएम वाढवून फार हाती लागत नाही. एक छोटी एसएसडी लावून फोटो ॲपचा डेटाबेस आणि थंबनेल तिच्यावर ठेवा, फरक लगेच दिसेल.

[१६:००] आपलं ऊन, आपली लाइट, आपला डीजे

स्पेक शीट लिहिणाऱ्यानं नांदेडचा मे बघितलेला नसतो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, त्यात पत्र्याची खोली, त्यात बंद कपाट, त्यात चार डिस्क चिकटून. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० ते ६५ डिग्रीपर्यंत असते, पण मर्यादेला चिकटून जगायचं कशाला? गुगलनं २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. त्यात उष्णतेचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी निघाला, पण तीन वर्षांहून जुन्या डिस्कवर जास्त तापमानाचा त्रास दिसला. आपल्या घरात डिस्क पाच-सहा वर्षं वापरल्या जातात. म्हणून ४५ च्या आत ठेवा. कपाटाबाहेर, जमिनीपासून थोडं वर, मध्ये एक खण रिकामा सोडता आला तर सोडा, आणि पंख्याची जाळी महिन्याला पुसा.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा लक्षात ठेवा. डिस्क तपासताना पहिला खराब सेक्टर सापडला, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरायची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट जास्त होती. म्हणून 'स्मार्ट' रिपोर्टमध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर शून्यावरून हलले की नवी डिस्क मागवा. सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर आधी साटा केबल बदला, डिस्क बहुतेक चांगली असते. आणि उलटंही खरं आहे. त्या अभ्यासात बऱ्याच डिस्क कसलीही सूचना न देता गेल्या होत्या.

लाइटचं म्हणाल तर यूपीएस लागतोच. रेडमध्ये डेटा लिहून झाला पण 'बेरीज' लिहायच्या आत वीज गेली, तर हिशेब जुळत नाही. घरातला इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. सगळ्यात चांगलं म्हणजे यूएसबी केबलवाला छोटा यूपीएस. त्याची बॅटरी संपत आली की एनएएस स्वतःच नीट बंद होतो.

आणि डीजे. हसू नका! २००८ मध्ये सन कंपनीच्या ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरनं चालू डिस्कच्या रांगेसमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं, आणि स्क्रीनवर डिस्कचा प्रतिसाद लांबलेला दिसला. व्हिडिओ आजही यूट्यूबवर आहे. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीहून कितीतरी पट कमी असतं, म्हणून कंपनं तिला सोसत नाहीत. रस्त्यावरून मिरवणूक जाणार असेल तर त्या तासात रिबिल्ड लावू नका. एनएएस रस्त्याकडच्या भिंतीला न लावता आतल्या खोलीत ठेवा.

[१८:४०] रेड म्हणजे बॅकअप नव्हे

एवढं सगळं जुळवलं, तरी एक गोष्ट उरते. रेड फक्त डिस्क मरण्यापासून वाचवतो. लेकरानं फोल्डर डिलीट केलं, व्हायरसनं फायली लॉक केल्या, चोरी झाली, घरात पाणी शिरलं, तर चारही डिस्कवरचं एकदमच जातं. नांदेडला गोदावरीला पूर आला की काठच्या वस्त्यांना हे सांगावं लागत नाही. आणि लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या त्या भूकंपात घरंच्या घरं गेली, आणि घरातलं कपाटही घराबरोबरच गेलं.

म्हणून तीन-दोन-एक. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. मावसभावानं आणि मी आता असं केलंय: त्याच्या कामाची एक प्रत नांदेडला माझ्याकडं, आमच्या घरच्या फोटोंची एक प्रत लातूरला त्याच्याकडं. रात्री दोन्ही सर्व्हर इंटरनेटवरून फक्त बदललेल्या फायली एकमेकांकडं पाठवतात, एन्क्रिप्ट करून. भाडं शून्य. आणि दर तीन महिन्यांनी एक फोल्डर परत आणून उघडून बघतो. उघडून न बघितलेल्या बॅकअपचा काही भरवसा नसतो.

[२०:००] दुकानात जाताना

आता हे एवढं फोनच्या नोट्समध्ये उतरवून घ्या:

१. पूर्ण मॉडेल नंबर, आणि स्पेक शीटमध्ये सीएमआर हा शब्द.
२. एनएएससाठीची डिस्क, किंवा ७ सेकंदांची मर्यादा लावता येईल अशी.
३. तुमच्या एनएएसच्या यादीत ते मॉडेल आहे का. जुना पीसी असेल तर पॉवर सप्लाय आणि जीपीटी.
४. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. दोन दुकानं किंवा दोन महिने, जे जमेल ते.
५. नवी डिस्क आल्यावर डेटा टाकायच्या आधी एकदा पूर्ण लिहून-वाचून तपासा. ४ टीबीला एक दिवस जातो, जाऊ द्या. बिघडायचीच असेल तर तेव्हाच बिघडू द्या, बदलून मिळते.
६. उरलेल्या पैशात आधी यूपीएस, मग गिगाबिट स्विच, मग एसएसडी. याच क्रमानं.

ज्यांच्याकडं एनएएस आधीच चालू आहे, त्यांनी आज रात्री एक काम करा. डिस्क बाहेर काढू नका. एनएएसच्या ॲपमध्ये जाऊन चारही डिस्कचे मॉडेल नंबर बघा आणि कोणती एसएमआर आहे ते शोधा. निघाली तर घाबरायचं कारण नाही. आधी बॅकअप घ्या, मग सवडीनं ती एक बदला आणि काढलेली डिस्क बॅकअपसाठी वापरा. काही अडलं तर मॉडेल नंबरचा फोटो पाठवा, पण सिरियल नंबर झाकून. वॉरंटी त्याच नंबरावर असते.

पुढच्या एपिसोडमध्ये घराबाहेरून आपला सर्व्हर सुरक्षितपणे कसा उघडायचा ते बघू, पोर्ट उघडे न टाकता. तोपर्यंत येतो, राम राम!